सावळं-गोरं नेमकं ठरतं कशावर? 'मेलॅनिन जास्त, मेलॅनिन कमी' याच्या पुढे काय?

खडूफळा:

नववी-दहावीच्या वर्गासाठी त्वचेच्या रंगावर दोन तासिका घ्यायच्या आहेत. पुस्तकी उत्तर एका ओळीत संपतं: मेलॅनिन जास्त तर काळा, कमी तर गोरा. मुलं काही तेवढ्यावर गप्प बसत नाहीत. त्यांच्याकडून आलेले प्रश्न असे:

सावळ्या माणसाच्या अंगात रंग बनवणाऱ्या पेशी जास्त असतात का? सख्ख्या भावंडांत एक गोरं आणि एक सावळं, हे कसं? उन्हाने काळवंडलेले हात महिन्याभरात निवळतात, मग मूळ रंग का निवळत नाही? तळहात सगळ्यांचेच फिके का? गरोदरपणात केशर-दूध घेतलं की बाळ गोरं होतं, हे खरं का?

घरगुती उपाय नकोत. आत काय घडतं ते हवं, आकडे असतील तर उत्तम.

पेशीकेंद्र:

पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं आहे, आणि तेच आधी फळ्यावर लिहा.

रंग बनवणाऱ्या पेशी म्हणजे मेलॅनोसाइट. त्या बाह्यत्वचेच्या सगळ्यात तळच्या थरात बसलेल्या असतात. तळाच्या साधारण दहा पेशींमागे एक, आणि चौरस मिलिमीटरला अंदाजे १००० ते २०००. चेहऱ्यावर दाट, पोट-पाठीवर विरळ. पण एकाच जागेची तुलना केली तर नायजेरियातला माणूस, नॉर्वेतला माणूस आणि नगरचा माणूस यांच्यात ही संख्या जवळपास सारखीच निघते. फरक पडतो तो पुढच्या चार टप्प्यांत.

पहिला टप्पा उत्पादनाचा. कच्चा माल टायरोसिन नावाचं अमिनो आम्ल. त्यावर टायरोसिनेज हे विकर काम करतं, आणि या विकराच्या गाभ्यात तांब्याचे दोन अणू असतात. टायरोसिनपासून डोपा, डोपापासून डोपाक्विनोन. इथे वाट फुटते. जवळ सिस्टीन असेल तर लालसर-पिवळं फिओमेलॅनिन तयार होतं, नसेल तर तपकिरी-काळं युमेलॅनिन. लाल केस आणि ठिपकेदार गोरी कातडी असलेल्या आयरिश-स्कॉटिश लोकांमध्ये एमसी१आर या ग्राहकाचे (पेशीवर बसून संदेश पकडणाऱ्या प्रथिनाचे) असे प्रकार असतात की पारडं फिओमेलॅनिनकडे झुकतं.

दुसरी गोष्ट सहसा कुणी शिकवत नाही, पण माझ्या मते सगळ्यात मजेशीर तीच: आम्लता. मेलॅनिन पेशीत मोकळं बनत नाही, ते मेलॅनोसोम नावाच्या छोट्या पिशव्यांत बनतं. टायरोसिनेज नीट चालायला पिशवीच्या आतला सामू (पीएच) ७ च्या जवळ लागतो. गोऱ्या त्वचेच्या मेलॅनोसाइटमध्येही टायरोसिनेज प्रथिन भरपूर सापडतं, पण पिशव्या आम्लधर्मी असल्यामुळे ते बरंचसं निष्क्रिय पडून असतं. ओसीए२ आणि एसएलसी४५ए२ ही जी दोन जनुकं रंगाच्या चर्चेत सारखी येतात, त्यांची प्रथिनं हाच सामू सांभाळतात.

तिसरा टप्पा वाटपाचा. एक मेलॅनोसाइट आपल्या फांद्यांसारख्या हातांनी भोवतालच्या सुमारे ३६ केराटिनोसाइट पेशींना (बाह्यत्वचा ज्यांची बनलेली असते त्या) या पिशव्या पुरवते. तिथे त्या केंद्रकाच्या वर, उन्हाच्या बाजूला, छत्रीसारख्या जमतात आणि खालच्या डीएनएला अतिनील किरणांपासून आडोसा देतात. गडद त्वचेत पिशव्या मोठ्या, साधारण अर्धा ते पाऊण मायक्रोमीटरच्या, आणि एकेकट्या विखुरलेल्या. फिकट त्वचेत त्या लहान, आणि एका आवरणात गठ्ठ्याने बांधलेल्या. आपल्याकडच्या गव्हाळ त्वचेत दोन्ही प्रकार मिसळलेले दिसतात. तेवढंच मेलॅनिन गठ्ठ्यात असलं तर प्रकाश कमी अडतो, विखुरलं तर जास्त अडतो. म्हणजे वजन तेच ठेवूनही रंग बदलू शकतो.

चौथा टप्पा विल्हेवाटीचा. पेशी तळापासून वर सरकत जातात. फिकट त्वचेत वाटेतच मेलॅनोसोम मोडले जातात, वरच्या थरात फारसं काही उरत नाही. गडद त्वचेत ते थेट वरच्या मृत थरापर्यंत टिकतात.

आडोसा किती मिळतो? १९७९ मध्ये अमेरिकेत झालेल्या मोजमापात काळ्या व्यक्तींच्या बाह्यत्वचेतून सरासरी ७.४ टक्के यूव्हीबी (अतिनील किरणांचा एक प्रकार) पार जात होतं, गोऱ्यांच्या २४ टक्के. त्याच अभ्यासानुसार गडद त्वचेचं नैसर्गिक संरक्षण एसपीएफ (सनस्क्रीनच्या ट्यूबवर असतो तो आकडा) १३ च्या आसपास, गोऱ्यांचं ३ च्या थोडं वर. मोठा फरक आहे, पण १३ म्हणजे चिलखत नव्हे.

अवांतर: रंग म्हणजे फक्त मेलॅनिन असंही नाही. ऑक्सिजनयुक्त रक्ताचा लाल, ऑक्सिजन कमी असलेल्या रक्ताचा निळसर, कॅरोटीनचा पिवळा, हे तिन्ही मिसळलेले असतात. आणि मेलॅनिन खोल अंतस्त्वचेत गेलं तर ते काळं न दिसता निळसर-करडं दिसतं. आपल्याकडे बऱ्याच बाळांच्या कमरेखाली निळा डाग असतो तो यातलाच. तो मार लागल्याचा वण नव्हे. बहुतेक मुलांत काही वर्षांत आपोआप पुसट होतो.

गुणसूत्र२३:

पेशीकेंद्र यांचा प्रतिसाद उत्तम. भावंडांचा प्रश्न मी घेतो.

उंचीसारखाच रंगही अनेक जनुकांचा आहे. वर्गासाठी तीन जनुकांचं जुनं गणित पुरे: प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती, एकूण सहा. आई-वडील दोघेही मधल्या रंगाचे, दोघांकडेही प्रत्येक जनुकाची एक 'गडद' आणि एक 'फिकी' प्रत आहे असं धरा. चौकटी मांडल्या की ६४ घरं होतात. गडद प्रतींच्या संख्येनुसार वाटणी येते १, ६, १५, २०, १५, ६, १. म्हणजे ६४ पैकी २० शक्यता थेट आई-वडिलांसारख्या, आणि उरलेल्या ४४ त्यांच्यापेक्षा गडद किंवा फिक्या. दोन गव्हाळ माणसांना एक सावळं आणि एक उजळ मूल होण्यात नवल काहीच नाही, त्यात कुणाच्या 'वळणावर' जाण्याचाही प्रश्न नाही. मुलांना प्रत्येकी तीन नाणी दोनदा उडवायला लावा आणि छापे मोजा, हीच वाटणी फळ्यावर उमटेल. ४० मुलांच्या वर्गात टोकाच्या दोन घरांपैकी निदान एक बहुधा रिकामं राहील, तेही दाखवण्यासारखं आहे.

गणिताची मर्यादा मात्र सांगा. खऱ्या जनुकांचा वाटा समसमान नसतो आणि ती तीनही नाहीत. एकट्या एसएलसी२४ए५ चा वाटा फार मोठा आहे. ते सापडलं झेब्राफिशमुळे. फिक्या पट्ट्यांच्या 'गोल्डन' माशात जे जनुक बिघडलेलं होतं तेच माणसातही आहे, असं २००५ मध्ये दिसून आलं. या प्रथिनात १११ व्या जागी अलानिन या अमिनो आम्लाऐवजी थ्रिओनिन आलं की त्वचा उजळते. युरोपीय आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांमधल्या रंगफरकापैकी २५ ते ३८ टक्के वाटा या एका बदलाचा निघाला.

भारताचा संबंध इथे थेट येतो. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी-रेणू जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेचा सहभाग असलेल्या २०१३ च्या अभ्यासात याच बदलाने तपासलेल्या भारतीय गटातला सुमारे २७ टक्के रंगफरक उलगडला. दक्षिण आशियातली आणि युरोप-पश्चिम आशियातली फिकी प्रत एकाच मुळातून आलेली आहे, आणि त्या मुळाचं वय त्यांनी २२ ते २८ हजार वर्षं काढलं. वायव्येकडे ती प्रत जास्त, दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे कमी. पण हा नुसता नकाशा झाला. एकाच गावात, एकाच घरात दोन्ही प्रती सापडतात. तिच्यावरून कुणी जातीचे आणि 'मूळ कुठले'चे निष्कर्ष काढायला लागलं तर तिथेच थांबवा. २०१७ मध्ये आफ्रिकेतल्या लोकांच्या अभ्यासात एमएफएसडी१२ सारखी जनुकं पुढे आली, आणि गडद-फिक्या दोन्ही प्रकारच्या प्रती आफ्रिकेतच फार जुन्या काळापासून आहेत हेही.

खडूफळा:

सामूची गोष्ट खरंच नवी होती. ऊन, तळहात आणि केशर राहिलं. आणि मुलींकडून क्रीमचा प्रश्न येणारच, त्याचंही कुणी लिहा.

लिंबूसरबत:

एवढं कशाला? मानेचा आणि कोपरांचा काळेपणा लिंबाची फोड घासून जातो. सायट्रिक आम्ल मेलॅनिन कापतं.

त्वचाविभाग:

लिंबूसरबत, हे मुलांपर्यंत जाऊ नये म्हणून आधी इथेच थांबतो. लिंबाच्या सालीत फ्युरोक्युमरिन असतात. रस लावून उन्हात गेलं की एक-दोन दिवसांत भाजल्यासारखी लाली, कधी फोड, आणि मग जिथे ओघळ गेला त्याच आकाराचे तपकिरी डाग. ते महिनोन्महिने राहतात. म्हणजे उपाय म्हणून लावलं आणि डाग पदरात पडला.

आणि मानेवरचा मखमली, घड्या पडलेला काळेपणा हा मळही नाही आणि मुख्यतः मेलॅनिनही नाही. तिथे त्वचेचा वरचा थर जाड होऊन सुरकुत्यांत दुमडलेला असतो. कारण बहुतेक वेळा रक्तातलं वाढलेलं इन्सुलिन. घासून तो आणखी जाड होतो. वजन आणि साखर तपासायला हवी. शाळकरी मुलांत हे दिसलं तर पालकांना सांगण्यासारखं आहे, आंघोळीवरून रागावण्यासारखं नाही. बोटांच्या सांध्यांवर, पेरांवर काळपटपणा वाढत असेल तर बी१२ बघावं. शुद्ध शाकाहारी घरांत ही कमतरता बरीच आढळते, आणि ती भरून निघाली की तो रंग परत उतरतो.

आता ऊन. काळवंडणं दोन प्रकारचं असतं. यूव्हीए या दुसऱ्या अतिनील प्रकारामुळे आधीच तयार असलेल्या मेलॅनिनचं ऑक्सिडीकरण होतं, तो रंग काही मिनिटांत चढतो आणि काही तासांत बराचसा उतरतो. यात नवं मेलॅनिन बनलेलंच नसतं, त्यामुळे संरक्षणही वाढत नाही. दुसरा प्रकार यूव्हीबीचा. केराटिनोसाइटच्या डीएनएला इजा झाली की पी५३ हे डीएनएची राखण करणारं प्रथिन जागं होतं, त्यातून मेलॅनोसाइटला उत्तेजन देणारं अल्फा-एमएसएच हे संप्रेरक सुटतं, ते एमसी१आरला चिकटतं आणि कारखाना वेग घेतो. म्हणून हा रंग दोन-तीन दिवसांनी दिसायला लागतो. उत्तेजन थांबलं की उत्पादन मूळ पातळीवर येतं, रंग भरलेल्या पेशी चार-सहा आठवड्यांत झडतात, आणि हात निवळतात. मूळ पातळी जनुकांनी ठरवलेली, ती झडून जाणार कुठे? दंडाच्या आतल्या बाजूला ऊन फार लागत नाही, तिथला रंग तोच आपला मूळ रंग. मोजमापंही तिथेच घेतात.

तळहात-तळपायांवर मेलॅनोसाइट इतर जागांच्या मानाने बऱ्याच कमी, आणि असलेल्याही मंद. खालच्या अंतस्त्वचेतल्या पेशी तिथे डीकेके१ नावाचं प्रथिन सोडतात, ते मेलॅनोसाइटची वाढ आणि रंग दोन्ही दाबतं. वर जाड कातडीचा थर. पण तळहाताच्या रेषा आणि हिरड्या अचानक काळवंडत असतील, सोबत थकवा आणि वजन घटणं असेल, तर मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी तपासायच्या.

नवजात बाळाचं: मेलॅनोसाइट जन्मतःच जागेवर असतात, पण पूर्ण क्षमतेने चालायला काही महिने जातात. शिवाय पातळ कातडीतून रक्ताची लाली दिसते. म्हणून जन्मतः 'गोरंपान' वाटलेलं बाळ वर्षभरात आपल्या रंगावर येतं. त्यात मालिशवाल्या बाईंचा दोष नसतो आणि डाळीच्या पिठाच्या उटण्याने ते थांबतही नाही. केशराचं तसंच. बाळाची जनुकं गर्भधारणेच्या क्षणी ठरून गेलेली असतात. पोटात गेलेल्या केशराचा रंग पचनात मोडतो, बाळाच्या मेलॅनोसोमपर्यंत पोहोचायला त्याला वाट नाही. केशर घेतल्याने निदान नुकसान नाही. पण लोहाच्या गोळ्यांनी बाळ काळं होतं या समजापायी बायका त्या गोळ्या गुपचूप फेकतात, ते वाईट. सरकारी कार्यक्रमात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्लाची गोळी चौथ्या महिन्यापासून रोज, किमान १८० दिवस, अशी आहे. त्याने शौच काळी होते, बाळ नाही.

क्रीमबद्दल मुलींना एकच कौशल्य शिकवा: ट्यूबमागचं बारीक अक्षर वाचणं. मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, फ्लुओसिनोलोन यातलं एक नाव दिसलं तर ते स्टिरॉइड. पहिले पंधरा दिवस चेहरा उजळ दिसतो, कारण रक्तवाहिन्या आकसतात आणि रंगाचं काम मंदावतं. मग कातडी पातळ, मुरुमं, लव, लाली. बंद केलं की आग होते आणि रंग आणखी गडद होतो, म्हणून बाई परत तीच ट्यूब आणते. २०१८ पासून ही औषधं चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी नाही, तरी काउंटरवर मिळतात. हायड्रोक्विनोन टायरोसिनेज रोखतं आणि वांगावर डॉक्टर ते ठरावीक महिनेच देतात. वर्षानुवर्षं लावलं तर निळा-काळा कायमचा डाग पडू शकतो. सगळ्यात धोक्याचं म्हणजे लेबल नसलेल्या डबीतलं क्रीम. पारा टायरोसिनेज बंद पाडतो म्हणून त्यात घालतात, तो कातडीतून शोषला जातो आणि मूत्रपिंडाला लागतो. कायद्याने त्वचेच्या क्रीममध्ये अनवधानाने आलेला पारासुद्धा दशलक्षात एक भागावर चालत नाही. असं क्रीम वापरणाऱ्याच्या पायावर किंवा डोळ्यांभोवती सूज आली, लघवीला फेस यायला लागला, तर त्याच दिवशी लघवीतलं प्रथिन तपासा.

गुणसूत्र२३:

यात एक भर. टिकली लावते त्या जागी पांढरा डाग पडत असेल तर चिकटद्रव्यातल्या पॅरा-टर्शरी-ब्युटिलफिनॉलने तिथले मेलॅनोसाइट मारलेले असू शकतात. त्याची रचना टायरोसिनसारखी, म्हणून ते नेमकं याच पेशींना बाधतं. रबरी चपलेच्या पट्ट्याखालीही असंच होतं. टिकली लगेच बंद केली तर रंग परत येण्याची शक्यता चांगली असते, तिथेच नवी टिकली लावून झाकत राहिलं तर कमी.

त्वचाविभाग:

बरोबर. आणि प्रत्येक पांढरा डाग कोड नसतो. दुधासारखा पांढरा, कडा स्पष्ट, संवेदना शाबूत: कोडाचा संशय. यात शरीराच्याच टी-पेशी (रोगप्रतिकारक पेशी) मेलॅनोसाइट मारतात. मासे-दूध एकत्र खाण्याशी त्याचा संबंध नाही. फिकट पण पूर्ण पांढरा नाही, बारीक कोंडा सुटतो, छाती-पाठीवर पावसाळ्यात वाढतो: बहुधा शिबं, म्हणजे बुरशी. फिकट किंवा लालसर चट्टा आणि तिथे कापसाचा स्पर्श कळत नाही: कुष्ठरोग तपासून घ्या, औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं. कोडाच्या डागात केसांच्या मुळाशी ठिपके-ठिपके रंग यायला लागला तर उपचार लागू पडतोय, कारण तिथे मेलॅनोसाइटचा राखीव साठा असतो. डागातले केसच पांढरे झाले असतील तर तो साठाही गेलेला असतो आणि वेळ फार लागतो.

थेम्सकाठ:

इथल्या मराठी मंडळींसाठी एक मुद्दा. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर ते मार्च उन्हात पुरेसं यूव्हीबीच नसतं. सावळ्या त्वचेला तेवढंच ड जीवनसत्त्व बनवायला उन्हाळ्यातही जास्त वेळ लागतो. इथल्या आरोग्यसेवेचा सल्ला आफ्रिकी, कॅरिबियन आणि दक्षिण आशियाई लोकांना वर्षभर रोज १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ४०० आययू घेण्याचा विचार करा, असा आहे. उत्तरेकडे गेल्यावर फिक्या त्वचेला फायदा का झाला असावा याचं एक मुख्य स्पष्टीकरण हेच. विषुववृत्तापाशी गडद रंगाने काय वाचवलं, तर बहुधा रक्तातलं फोलेट (फॉलिक आम्लाच्याच गटातलं ब जीवनसत्त्व), जे अतिनील किरणांनी मोडतं आणि गर्भाच्या वाढीला लागतं.

पेशीकेंद्र:

वर्गात करायला दोन प्रयोग.

एक: पारदर्शक प्लास्टिकची पट्टी हाताच्या मागच्या बाजूवर पाच सेकंद घट्ट दाबा आणि पट्टीतूनच बघा. रक्त बाजूला सरतं, लाली जाते. उरतो तो तपकिरी भाग मेलॅनिनचा. मग तेच दंडाच्या आतल्या बाजूला. प्रत्येकाने स्वतःच्याच दोन जागांची तुलना करायची, शेजाऱ्याच्या हाताशी नाही; हे आधीच सांगा, नाहीतर तास भलतीकडे जाईल.

दोन: बटाट्याच्या चार पातळ चकत्या. एक तशीच, एकीवर लिंबाचा रस, एक दोन मिनिटं उकळून, एक पाण्यात बुडवून. बटाटा काळा करणारं विकर टायरोसिनेजच आहे, तांब्याचे दोन अणू धरणारं. लिंबाने सामू उतरतो, उकळल्याने विकर मोडतं, पाण्यात हवा कमी पोहोचते.

खडूफळा:

बटाटा किती वेळ ठेवायचा? तासिका ३५ मिनिटांची आहे.

पेशीकेंद्र:

चकत्या तास सुरू होताच कापा, शेवटी बघा, फरक दिसेल. जास्त ठळक हवा असेल तर एक चकती किसून ठेवा, पेशी फुटल्यामुळे विकर आणि टायरोसिन लवकर भेटतात. फ्रिजमधला बटाटा घेऊ नका, गार असला की क्रिया हळू चालते. लिंबाचा रस दोन्ही बाजूंना पुसा, नाहीतर खालची बाजू काळी पडते आणि मुलं म्हणतात प्रयोग फसला.